शिडांची शर्यत आणि गुणांचा न्याय

कुळगी हे गाव जोयडा तालुक्याच्या अरण्यात आहे. तेथून समुद्र दिसत नाही, खाऱ्या वाऱ्याचा वासही येत नाही. जवळून काळी नदी वाहते; पण ती धरणांनी अडवलेली, जागोजाग जलाशयांत विसावलेली. पुढे कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी, ती सिंधुसागरास मिळते. अशा रानातल्या गावाचे नाव घेऊन आम्ही शिडाच्या होड्यांच्या शर्यतींविषयी आणि त्यांतील गुण मोजण्याच्या नियमांविषयी लिहावयास बसलो आहोत, हे पाहून वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु शीड आणि अरण्य यांचा संबंध वरकरणी वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने जी जहाजे बांधली ती सागाची. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या गोदीत जहाजबांधणी केली. १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ हे त्यांचे जहाज आजही इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. हा साग मलबार आणि कानडा किनाऱ्यामागच्या डोंगरांतून येई. त्या सागावर कंपनी सरकारची इतकी नजर होती की १८०६ साली कॅप्टन वॉटसन या अधिकाऱ्यास केवळ जंगलाच्या राखणीसाठी नेमण्यात आले, आणि लोकांची तक्रार वाढल्यावर १८२३ साली ती व्यवस्था मोडावी लागली. पुढे १८६२ साली आमचा उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबईचाच राहिला. कचेरी मुंबईची, शिक्षण मुंबईचे, नोकरीची वाटही मुंबईचीच. तेव्हा मुंबईच्या बंदरातील शिडांचा इतिहास हा आम्हांस परका नव्हे.

त्या बंदरात शर्यतीसाठी होड्या हाकणाऱ्यांची संस्था १८४६ साली स्थापन झाली. १८७६ साली तिला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली आणि रॉयल बॉम्बे यॉट क्लब हे नाव रूढ झाले. अपोलो बंदरावरील तिची भव्य वास्तू पुष्कळांनी पाहिली असेल. आम्हीही तरुणपणी त्या भागातील कठड्याशी उभे राहून रविवारच्या दुपारी पांढरी शिडे एका बोयास वळसा घालून परतताना पाहिली आहेत. पाहणारास वाटे, जी होडी प्रथम येईल ती जिंकली. तसे ते नसे, हे पुढे कळले.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. त्या संस्थेत होड्यांना न्याय मिळावा म्हणून पोटतिडकीने नियम केले जात असता, दीर्घ काळपर्यंत एतद्देशीयांस सदस्यत्वच मिळत नव्हते. ज्या बंदरात कोळ्यांची गलबते आणि मचवे शतकानुशतके शिडे उभारीत आले, त्याच बंदरातील शर्यतीच्या प्रारंभरेषेवर कोळ्यास अगर त्याच्या शेजाऱ्यास जागा नव्हती. न्यायाचे नियम कितीही सूक्ष्म असोत. दारच बंद असेल तर त्यांचा उपयोग दाराच्या आतल्यांपुरता. सुदैवाने तो काळ गेला. १९६० साली यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि त्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. आज पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही शीड हाकावयास शिकतात. ज्या खेळास मुंबईकर ‘साहेबाचा खेळ’ म्हणत तो असा हळूहळू धरणांच्या पाण्यापर्यंत पोचला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धावण्याच्या शर्यतीत सर्वांस पाय दोनच असतात. होडीचे तसे नाही. एकीचे शीड मोठे, दुसरीचे लहान. एक लांब आणि अरुंद, दुसरी आखूड आणि पसरट. एकीत दोन जवान, दुसरीत बारा वर्षांचा मुलगा एकटाच. यांना एका रेषेवर उभे करून ‘निघा’ म्हटले तर शर्यत माणसांची होत नाही, सुताराची होते. आणि पुष्कळदा सुताराचीही नव्हे, होडी विकत घेणाऱ्याच्या थैलीची होते.

आपल्या देवस्थानांच्या परंपरेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविलेला दिसतो. गोव्यात सांखळीजवळ विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात व त्यांची स्पर्धा होते. तेथे वेगाचा प्रश्नच नाही. कारागिरी आणि सजावट परीक्षकांच्या डोळ्यांनी जोखली जाते. कुंभारजुव्यातील सांगोडाच्या दिवशी तर होड्या जोडून त्यांवर गणपती आणि सोंगे मिरवतात, आणि तेथे जिंकणे-हरणे हा विचारच कोणाच्या मनात येत नाही. केरळात मात्र वेग आहे. आलप्पुळा येथील नेहरू चषकाच्या शर्यतीचा उगम १९५२ साली पंडित नेहरूंच्या भेटीत आहे. तेथे सापाच्या फणीसारखे मागचे टोक वर उचललेल्या चुंडन नौका वेगळ्या धावतात, आणि वेप्पू, चुरुळन, ओडी या लहान जातींच्या नौका आपापल्या गटात धावतात. जातीची होडी जातीच्याच होडीशी: विषमतेवरचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा तोडगा. तथापि त्यानेही वाद मिटत नाहीत. २०२४ साली त्या शर्यतीत कारिचाल या नौकेस वीयपुरम् या नौकेवर अवघ्या ०.००५ सेकंदाने विजयी ठरविण्यात आले, तेव्हा पुष्कळ कोलाहल झाला. घड्याळ जितके सूक्ष्म, तितका संशयही सूक्ष्म होतो, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

शिडाच्या होड्यांच्या बाबतीत गटवारीचा हा तोडगा पूर्णतेस नेला तो आयर्लंडमध्ये. १८८७ साली डब्लिनच्या किनाऱ्यावरील काही हौशी मंडळींनी ‘वॉटर वॅग’ या नावाच्या लहान होड्या एकाच आराखड्यावरून बांधविल्या. लांबी तीच, शीड तेच, आकार तोच. उद्देश असा की जो जिंकेल तो आपल्या हाताच्या कसबाने जिंकावा, आणि श्रीमंताने दर वर्षी नवी होडी बांधून गरिबास मागे टाकू नये. अशा होड्यांना आपण ‘एकसाची’ म्हणू. आजच्या ऑलिंपिकमधील बहुतेक सर्व वर्ग याच कल्पनेची अपत्ये आहेत.

परंतु छोट्या क्लबास एकसाची ताफा परवडत नाही. क्लब म्हणजे दहा-बारा होड्या. त्यांत दोन एकाच जातीच्या, तीन दुसऱ्या जातीच्या, एक कोणी निवृत्त अधिकाऱ्याने सोबत आणलेली, एक शाळेने मुलांसाठी घेतलेली, आणि एक अशी की तिची जात तिच्या मालकासही ठाऊक नाही. यांची वेगवेगळी शर्यत लावावयाची तर प्रत्येक शर्यतीत होडी एक आणि विजेता तोच! तेव्हा सर्वांनी एकत्र निघावे आणि नंतर वेळेचा हिशोब करावा, हाच मार्ग उरतो.

या हिशोबाची जी पद्धत आज बहुतेक क्लबांत चालते ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथजवळच्या क्लबांतून निघाली, आणि थोड्याच वर्षांत तेथील मध्यवर्ती संस्थेने ती स्वीकारली. तिचे नाव ‘पोर्टस्मथ यार्डस्टिक’, म्हणजे पोर्टस्मथचा गज. तिची युक्ती अत्यंत साधी आहे. होडीची लांबी-रुंदी मोजून तिचा वेग तर्काने ठरवावयाचा नाही. त्या जातीच्या होड्यांनी प्रत्यक्ष शर्यतींत किती वेळ घेतला ते अनेक क्लबांकडून गोळा करावयाचे, आणि त्यावरून त्या जातीस एक अंक द्यावयाचा. मंद होडीचा अंक मोठा, चपळ होडीचा लहान. शर्यत संपल्यावर लागलेल्या वेळेस हजाराने गुणावयाचे आणि होडीच्या अंकाने भागावयाचे. जी संख्या येते ती ‘शुद्ध वेळ’.

उदाहरण घेऊ. समजा एका होडीचा अंक १,१०० आहे. ती ५५ मिनिटांत परतली. तिची शुद्ध वेळ बरोबर ५० मिनिटे होते. दुसरी होडी लहान मुलाची, अंक १,६४०. तो मुलगा ८० मिनिटांनी, म्हणजे मोठ्या होडीतील मंडळी किनाऱ्यास लागून शिडे घडी करून चहा घेत असताना, अंतिम रेषा ओलांडतो. त्याची शुद्ध वेळ ४८ मिनिटे ४७ सेकंद. तो जिंकला! आम्हांस या पद्धतीचे खरे मोल येथे दिसते. बारा वर्षांच्या पोरास पंचवीस मिनिटे मागे राहूनही आशा असते, म्हणून तो शेवटच्या बोयापर्यंत शीड ताणून धरतो. नाहीतर अर्ध्या वाटेवरूनच परतला असता.

या गजात दोष नाहीत असे नव्हे. अंक हा सरासरीचा असतो, आणि वारा सरासरीचा कधीच नसतो. मंद वाऱ्यात एखादी जात आपल्या अंकाहून सरस ठरते, जोराच्या वाऱ्यात दुसरी. शिवाय मागे राहणारी होडी अधिक वेळ पाण्यात असते. तेवढ्यात संध्याकाळचा वारा पडला तर तिचे नशीबही पडते. मुंबईच्या बंदरात तर ओहोटीचा ओढ सुरू झाला की जी होडी ताशी दोन मैल चालते तिचे सारे पुढे जाणे पाण्याखालून मागे ओढले जाते. चपळ होडीस तो ओढ तितका बाधत नाही. हे सर्व ओळखून सुज्ञ क्लब आपल्या पाण्याच्या अनुभवाप्रमाणे अंक थोडा कमी-अधिक करतात. मात्र तो हंगाम सुरू होण्यापूर्वी करतात, आणि फलकावर लावतात. मध्येच कोणी सारखा जिंकू लागला म्हणून त्याच्या होडीचा अंक बदलणे हे, आमच्या मते, न्यायाचे सोंग घेतलेला मत्सर होय.

एवढ्याने एका शर्यतीचा निकाल लागला. पण क्लबाचे मानचिन्ह एका शर्यतीवर देत नाहीत. मुंबईकडे पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो तो पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. इतक्या रविवारांची बेरीज कशी करावयाची, हा दुसरा प्रश्न. आणि यातच खरी मेख आहे. कारण वाटते असे की कोण कितवा आला हे एकदा लिहिले की विजेता आपोआप ठरतो. तो तसा ठरत नाही. तो बेरजेच्या रीतीवर ठरतो.

समजा दहा होड्या आहेत आणि चार फेऱ्या झाल्या. पहिला खलाशी साहसी आहे: तो दोनदा पहिला आला, एकदा सातवा आणि एकदा आठवा. दुसरा सावध आहे: चारही वेळा तिसरा. श्रेष्ठ कोण?

१९४८ च्या ऑलिंपिकमध्ये जी रीत होती ती गणितातील लॉगॅरिथमवर आधारलेली होती. शर्यतीतील होड्यांच्या संख्येचा लॉगॅरिथम हजाराने गुणावयाचा, त्यातून आपल्या क्रमांकाचा लॉगॅरिथम हजाराने गुणून वजा करावयाचा आणि वर १०१ मिळवावयाचे. दहा होड्यांत पहिल्यास १,१०१ गुण पडतात, दुसऱ्यास ८००, तिसऱ्यास ६२४, सातव्यास २५६, आठव्यास १९८. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्यात तीनशे गुणांचे अंतर, आणि सातव्या-आठव्यांत अठ्ठावनच. साहसी खलाशाची बेरीज २,६५६, सावधाची २,४९६. साहसी जिंकला.

१९६८ च्या ऑलिंपिकपासून दुसरी रीत आली. तीत कमी गुण तो श्रेष्ठ. पहिल्यास शून्य, दुसऱ्यास ३, तिसऱ्यास ५.७, चौथ्यास ८, पाचव्यास १०, सहाव्यास ११.७ आणि त्यापुढे क्रमांकात सहा मिळवावयाचे. या रीतीने साहसी खलाशाचे २७ आणि सावधाचे २२.८. सावध जिंकला. आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये जी सोपी रीत आहे, पहिल्यास १, दुसऱ्यास २, तिसऱ्यास ३, तिच्याप्रमाणे साहसीचे १७ आणि सावधाचे १२. सावधच, आणि स्पष्टपणे. पाणी तेच, वारा तोच, क्रमांक तेच. कागदावरील रीत बदलली आणि चषक एका घरातून दुसऱ्या घरात गेला.

डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रोम हा या विद्येतील महापुरुष. १९४८ साली इंग्लंडच्या टॉर्की बंदरात, फायरफ्लाय नावाच्या एकसाची होड्यांच्या वर्गात तो प्रथमच उतरला, आणि पहिल्याच फेरीतून माघार घेऊन रिकाम्या हाताने परतला. सात फेऱ्यांपैकी सर्वांत वाईट एक वगळण्याचा नियम होता म्हणून ती माघार पुसली गेली; आणि शेवटच्या दोन्ही फेऱ्या त्याने जिंकल्या तेव्हा पहिल्या क्रमांकास भरभरून गुण देणाऱ्या त्या लॉगॅरिथमच्या रीतीने त्यास उचलून वर नेले. ५,५४३ गुणांनी त्याने सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्याचे ५,४०८ होते. पुढे १९५२, १९५६ आणि १९६० साली त्याने आणखी तीन सुवर्णपदके घेतली. तेव्हा तो पात्र नव्हता असे कोण म्हणेल? परंतु एक फेरी वगळण्याचा नियम नसता तर त्याच्या पदकांची माळ एका मण्याने उणी झाली असती.

हा वगळण्याचा नियम काहींना लाडावल्यासारखा वाटतो. वाईट दिवस हाही दिवसच. तो का पुसावा, असा त्यांचा आक्षेप आहे. आम्ही या मताचे नाही. दोरी तुटते, डोलकाठीचा खिळा निघतो, घरी मूल आजारी पडते. ज्या खेळात वारा हा अर्धा खेळाडू आहे तेथे एका अपघाताने सबंध हंगाम वाया गेला तर मनुष्य दुसऱ्याच महिन्यात होडी ताडपत्रीखाली झाकून ठेवील. अर्थात वगळावयाच्या फेऱ्या थोड्या हव्यात. दहांतल्या पाच वगळल्या तर नेमाने येणाऱ्याचा नेम कवडीमोल होतो.

आता तिसरा प्रश्न, आणि लहान क्लबाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा: जो आलाच नाही त्यास किती गुण द्यावयाचे? आंतरराष्ट्रीय नियमावली दर चार वर्षांनी सुधारून प्रसिद्ध होते. सध्या २०२५ ते २०२८ या काळाची चालू आहे. तिचा सामान्य नियम असा की जो प्रारंभाच्या जागीच आला नाही त्यास, मालिकेत जितक्या होड्यांची नोंद असेल त्याहून एक अधिक एवढे गुण, म्हणजे शेवटच्याहूनही वाईट. बारा होड्यांची नोंद असेल तर तेरा. जो आला, निघाला, पण वारा पडल्याने पोचू शकला नाही, त्यासही सामान्यतः तेरा. परंतु क्लबाच्या लांब मालिकांसाठी त्याच नियमावलीत एक पर्याय ठेवला आहे: जो पाण्यावर आला पण पोचला नाही, त्यास त्या दिवशी आलेल्या होड्यांहून एक अधिक एवढेच गुण. सात होड्या आल्या असतील तर आठ. घरी बसलेल्यास तेरा आणि झगडून हरलेल्यास आठ, हा भेद ज्याने सुचविला त्यास क्लबाच्या रविवार-सकाळीचे चांगले ज्ञान असले पाहिजे.

पण जो घरी बसला नाही, पाण्यावर आला, आणि तरीही शर्यतीत उतरला नाही, त्याचे काय? असा मनुष्य प्रत्येक शर्यतीत एक तरी असतो. तो पंचांच्या होडीत बसतो. निशाण चढवितो, घड्याळ धरतो, कोण केव्हा रेषा ओलांडून गेला ते उन्हात डोळे बारीक करून लिहितो. मोठ्या स्पर्धांत यासाठी स्वतंत्र अधिकारी असतात. लहान क्लबात तो सदस्यांपैकीच एक असतो, पाळीने.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट येथे सांगतो. क्लबाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते शीड उत्तम हाकीत. त्या हंगामात ज्या ज्या फेरीत उतरले तीत त्यांचा क्रमांक पहिल्या चारांत आला. परंतु स्वभाव भिडस्त. ज्याची घड्याळ धरण्याची पाळी असे तो आदल्या रात्री काही सबब सांगे, आणि हे गृहस्थ आपली होडी रेतीवर ठेवून पंचांच्या होडीत चढत. असे तीनदा झाले. हंगामाअखेरीस यादी लागली तेव्हा त्यांच्या नावापुढे तीन रकान्यांत ‘आला नाही’ अशी खूण आणि घरी झोपलेल्यास मिळतात तेवढेच गुण. ते सहावे आले. मानचिन्ह ज्यास मिळाले त्याने एकही पाळी घेतली नव्हती. या गृहस्थांनी तक्रार केली नाही. नियम तसाच होता आणि तो सर्वांस ठाऊक होता. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी घड्याळ धरण्यास नम्रपणे नकार दिला. मग दुसऱ्यानेही दिला. काही रविवारी होड्या सज्ज, वारा चांगला, आणि निशाण चढवावयास कोणी नाही, म्हणून शर्यतच झाली नाही.

आपल्या देवळांत समाराधनेच्या दिवशी जे वाढावयास उभे राहतात ते पहिल्या पंगतीत बसत नाहीत. म्हणून त्यांचे पान कोणी मोडीत नाही. शेवटच्या पंगतीस त्यांची पाने मांडलेली असतात, आणि यजमान तेव्हा स्वतः उभा राहून पायस आहे की नाही ते पाहतो. वाढप्यास उपाशी ठेवणारे देवस्थान पुढच्या वर्षी वाढपी कोठून आणील? ही गोष्ट आपल्याकडे कोणी नियमावलीत लिहून ठेवलेली नाही. शिडाच्या क्लबांना ती लिहावी लागली, एवढाच फरक.

ती त्यांनी कशी लिहिली ते पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीत ‘भरपाई’ या नावाचे एक कलम पूर्वीपासून आहे. स्वतःचा दोष नसता ज्याचे नुकसान झाले, उदाहरणार्थ बुडणाऱ्या होडीस मदत करावयास जो वळला, त्यास त्या फेरीचे गुण त्याच्या इतर फेऱ्यांच्या सरासरीइतके, दशांशाच्या एका स्थळापर्यंत, देता येतात. पुष्कळ क्लबांनी आपल्या सूचनापत्रात एक ओळ घालून हीच सवलत घड्याळ धरणाऱ्यासही लागू केली. मात्र अशी सवलत हंगामात एकदा अगर दोनदाच मिळेल अशी मर्यादाही घातली. नाहीतर दोन फेऱ्या जिंकून उरलेला हंगाम पंचांच्या होडीत छत्री उघडून बसणारेही निघाले असते. मनुष्यस्वभाव सर्व बंदरांत सारखाच.

समान गुणांविषयी थोडक्यात सांगतो. एका फेरीत दोन होड्या एकाच क्षणी पोचल्या तर त्या दोन क्रमांकांची बेरीज वाटून देतात. दुसऱ्या-तिसऱ्यास मिळून प्रत्येकी अडीच. सबंध मालिकेत बेरीज समान आली तर ज्याच्या नावावर अधिक पहिले क्रमांक त्यास पुढे घेतात, तेही समान असल्यास अधिक दुसरे, असे उतरत जातात. आणि तरीही गाठ सुटली नाही तर शेवटच्या फेरीत जो पुढे होता तो. नाणे उडविण्याची पाळी सहसा येत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या खेळात पाण्यावर शिट्टी घेऊन फिरणारा पंच बहुधा नसतो. बोयास धक्का लागला, अगर दुसऱ्याच्या वाटेत आपण अयोग्य रीतीने आलो, तर हाकणाऱ्याने स्वतःहून होडीस गिरकी घेऊन दंड भोगावयाचा असतो. ज्यास तो मान्य नसेल त्याच्याविरुद्ध तक्रार होते, संध्याकाळी चार माणसे बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि निर्णय देतात. त्या चारांत तक्रारीशी संबंध असलेला कोणी नसावा हा नियम आहे. बारा होड्यांच्या क्लबात असे चार मिळविणे किती अवघड, हे ज्यांनी गावच्या देवस्थानाच्या समितीवर काम केले आहे त्यांस सांगावयास नको.

सुपा येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले, आणि ज्या सुपा गावावरून आमच्या तालुक्यास पूर्वी नाव होते ते गाव पाण्याखाली गेले. कुळगीच्या आसपासही अडवलेल्या पाण्याचे विस्तार आहेत. त्या पाण्यावर आज बुरुड्यांनी विणावी तशी गोल टोपली-होडी दिसते, हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून उड्या घेत जाणारे पाहुणे दिसतात. व्हडें हाकणारा एखादा वृद्धही दिसतो. उद्या त्या पाण्यावर कोणी दहा-बारा शिडे उभारील की नाही ते सांगता येत नाही. अभयारण्याचे निर्बंध आहेत, आणि ते असावेत. परंतु ज्यांस कोठेही, मांडवीत अगर खडकवासल्यास, मुलांसाठी असा लहान ताफा चालवावयाचा असेल त्यांनी पहिल्या रविवारपूर्वी एक कागद भिंतीस लावावा. त्यावर प्रत्येक होडीचा अंक, बेरजेची रीत, किती फेऱ्या वगळावयाच्या ती संख्या आणि घड्याळ धरणाऱ्याचा नियम हे चार मजकूर असले म्हणजे पुरे.

त्या चौथ्या मजकुराने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. बारा होड्यांची नोंद, सहा फेऱ्या, एक वगळावयाची. आमच्या भिडस्त गृहस्थांसारखा एक सदस्य दुसरा, चौथा, पहिला, तिसरा आणि चौथा आला, आणि एका रविवारी त्याने घड्याळ धरले. नियम नसेल तर त्या रविवारचे तेरा. वगळावयाची फेरी त्यातच खर्ची पडते आणि बेरीज होते चौदा. नियम असेल तर इतर पाच फेऱ्यांची सरासरी घेतात, दोन चारांपैकी एक वगळतात, आणि बेरीज होते १२.८. तेरा गुणांवर असलेला प्रतिस्पर्धी पहिल्या हिशोबात त्याच्या पुढे असतो, दुसऱ्यात मागे. आणि यादीत त्या रविवारच्या रकान्यात ‘आला नाही’ या खुणेऐवजी २.८ असा आकडा असतो, त्याशेजारी ‘भरपाई’ एवढा एकच शब्द.